फौज पाठवावी का, या वादात जुनी युद्धं कशी बोलतात

ऑगस्ट २०२४ मध्ये ढाक्यात शेख हसीनांचं सरकार पडलं. त्या आठवड्यात आमच्याकडच्या पानठेल्यांवर सोयाबीनच्या भावाइतकीच चर्चा बांगलादेशची होती. टीव्ही पाहून आलेला एक पोट्टा म्हणाला, "एकाहत्तरमंदी घुसलो होतो ना, तसंच घुसाले पाह्यजे." खर्रा घोटून घेत उभे असलेले निवृत्त फौजीकाका म्हणाले, "अन् सत्त्याऐंशीत लंकेत गेलतो, ते काऊन नाई सांगत बाप्पा?" वाद तिथेच अडकला. दोघांच्या हातात एकेक युद्ध होतं, आणि दोन्ही युद्धं खरी होती.

वॉशिंग्टन असो, लंडन असो की दिल्ली, परदेशात सैन्य पाठवायचा विषय निघाला की मोठमोठे नेतेही याच पद्धतीने भांडतात. फरक एवढाच, की त्यांच्या भांडणातून खरोखरीची विमानं उडतात. म्हणून ही पद्धत नीट समजून घ्यावी, म्हणजे टीव्हीवर कोणी "आठवा ते वर्ष" म्हणालं की आपल्याला त्याच्या पुढचं विचारता येतं.

उद्या काय होणार हे कोणालाच माहीत नसतं. सैन्य पाठवलं तर किती जण मरतील, नाही पाठवलं तर किती, याचा हिशेब आधी मांडता येत नाही. कालचं युद्ध मात्र सगळ्यांना माहीत असतं, त्याचा शेवटही माहीत असतो. त्यामुळे नेता म्हणतो, "हे अगदी तसंच आहे." एवढं म्हटलं की ऐकणाऱ्याच्या डोक्यात सुरुवात, खलनायक आणि शेवट आपोआप भरला जातो. नेत्याला आजच्या प्रकरणाचा पुरावा द्यायची गरजच उरत नाही. सोय आहे ती इथे, आणि फसगतही इथेच.

या कामासाठी गेल्या ऐंशी-पंच्याऐंशी वर्षांत सगळ्यात जास्त राबवलं गेलेलं नाव म्हणजे म्युनिक. ३० सप्टेंबर १९३८ ला जर्मनीतल्या या शहरात ब्रिटनचे पंतप्रधान चेंबरलेन आणि फ्रान्सचे दलादिये यांनी हिटलरशी करार केला. चेकोस्लोव्हाकियाचा सुडेटनलँड हा सीमेवरचा, जर्मन भाषकांचा मुलूख त्यांनी हिटलरला देऊन टाकला. ज्यांचा मुलूख होता त्या चेक लोकांना त्या बैठकीत बसूही दिलं नाही. चेंबरलेन शांतता आणली म्हणून सांगत घरी परतले. मार्च १९३९ मध्ये हिटलरने प्राग घेतलं आणि १ सप्टेंबरला पोलंडवर चाल केली. यातून जगाने धडा काढला, की गुंडाला एकदा दिलं की तो पुन्हा मागतो, तेव्हा पहिल्यांदाच ठोका.

धडा खोटा नाही. पण चेंबरलेन तसे का वागले, हे सांगताना सहसा अर्धीच गोष्ट येते. त्यांच्याही डोक्यात एक जुनं युद्ध होतं, १९१४ चं. तेव्हा युरोपातले देश एकमेकांना धमक्या देत, सैन्य हलवत, महिनाभरात महायुद्धात जाऊन पडले आणि लाखो तरुण चिखलाच्या खंदकांत मेले. पुन्हा तसं होऊ द्यायचं नाही, या धास्तीपोटी ब्रिटनमधले कितीतरी लोक म्युनिकच्या बाजूने होते. म्हणजे "नमते घेऊ नका" हा धडा ज्या घटनेतून निघाला, ती घटनाच मुळात "घाई करू नका" या आधीच्या धड्याच्या पोटी जन्मली. मागचं युद्ध पुढच्या वादाला बोट धरून नेतं ते असं.

मग म्युनिक जिथे तिथे लागू होऊ लागलं. १९५६ साली इजिप्तच्या नासेर यांनी सुएझ कालव्याचं राष्ट्रीयीकरण केलं. ब्रिटनचे पंतप्रधान होते अँथनी ईडन. हा माणूस १९३८ च्या सुरुवातीला इटलीचा हुकूमशहा मुसोलिनी याच्याशी जुळवून घेण्याच्या वादातूनच परराष्ट्रमंत्रिपदाचा राजीनामा देऊन बाहेर पडला होता. त्या वेळी आपण बरोबर होतो हे इतिहासाने दाखवलं, अशी त्यांची खात्री, आणि ती रास्तही होती. आता त्यांना नासेरमध्ये थेट मुसोलिनी दिसू लागला. नासेर कालव्याच्या कंपनीच्या भागधारकांना भरपाई द्यायला तयार होते, त्यांच्याकडे युरोप गिळणारी फौज नव्हती, हे त्या चष्म्यातून दिसणं शक्य नव्हतं. ब्रिटन, फ्रान्स आणि इस्रायल यांनी मिळून हल्ला केला, अमेरिकेने पौंडाची नाडी आवळली, आणि नोव्हेंबरमध्ये युद्ध थांबवावं लागलं. जानेवारी १९५७ मध्ये ईडन गेले. मला हे उदाहरण सगळ्यात बोलकं वाटतं. एकदा बरोबर ठरलेला माणूस पुढच्या वेळी जास्त धोकादायक असतो, कारण त्याला कोणी थांबवू शकत नाही.

व्हिएतनाममध्ये हाच खेळ मोठ्या प्रमाणावर झाला. २८ जुलै १९६५ ला अमेरिकेचे अध्यक्ष जॉन्सन यांनी तिथलं सैन्य वाढवल्याचं जाहीर केलं, तेव्हा पत्रकारांसमोर त्यांनी हिटलर आणि म्युनिकचा दाखला दिला. त्याच उन्हाळ्यात त्यांच्या प्रशासनात दुसऱ्या एका युद्धाचीही चर्चा चालू होती, आणि ते युद्ध म्युनिकपेक्षा कितीतरी जवळचं होतं. त्याच देशात १९५४ साली दिएन बिएन फू इथे फ्रेंच फौज हरली होती. जॉर्ज बॉल नावाचे परराष्ट्र खात्यातले वरिष्ठ अधिकारी सांगत होते, फ्रेंचांचं झालं तेच आपलं होईल. यावर राष्ट्रीय सुरक्षा सल्लागार मॅकजॉर्ज बंडी यांनी अध्यक्षांसाठी एक टिपणच लिहिलं. त्यात फ्रान्स १९५४ आणि अमेरिका १९६५ यांची तुलना करून निष्कर्ष काढला, की दोन्हींत फार साम्य नाही; फ्रेंच वसाहत टिकवायला लढत होते, त्यांच्या घरात फूट होती, आपलं तसं नाही.

जरा थांबून हे पाहा. सत्तावीस वर्षांपूर्वीचं, दुसऱ्या खंडातलं म्युनिक त्यांना लागू वाटलं. अकरा वर्षांपूर्वीचं, त्याच जमिनीवरचं फ्रेंचांचं युद्ध लागू वाटलं नाही. आणि घरात फूट नाही म्हणणाऱ्या अमेरिकेत तीन वर्षांच्या आत रस्त्यारस्त्यावर मोर्चे निघाले. ५८ हजारांच्या आसपास अमेरिकी सैनिक मेले, व्हिएतनामी माणसं लाखोंनी मेली, आणि ३० एप्रिल १९७५ ला सायगाव पडलं.

तेव्हापासून अमेरिकेत दोन गट झाले. एक म्युनिक म्हणणारा, दुसरा व्हिएतनाम म्हणणारा. १९९० मध्ये सद्दाम हुसेन यांनी कुवेत गिळला तेव्हा अमेरिकेचे अध्यक्ष थोरले बुश यांनी सद्दामची तुलना हिटलरशी केली, तर विरोधकांनी दुसरं व्हिएतनाम होईल असं बजावलं. जमिनीवरची लढाई शंभर तासांत आटोपली, आणि मार्च १९९१ च्या पहिल्याच दिवशी बुश यांनी व्हिएतनामचं भूत आपण कायमचं उतरवल्याचं जाहीर करून टाकलं. भुतं अशी उतरत नसतात, पण तो आनंदाचा दिवस होता, म्हणून सोडून देऊ.

पुढच्या तीन वर्षांत जे घडलं ते आपल्याकडच्या शेतकऱ्याला लगेच कळेल. मृगाच्या पहिल्याच सरीवर पेरून एकदा दुबार पेरणीची पाळी आली, की माणूस पुढच्या वर्षी हात आखडतो. आणि नेमकं त्या वर्षी वेळेवर पेरणाऱ्यांचंच साधतं. ऑक्टोबर १९९३ मध्ये सोमालियात, मोगादिशूच्या गल्ल्यांत १८ अमेरिकी सैनिक मारले गेले. त्यांच्यातल्या काहींचे मृतदेह रस्त्यावरून ओढत नेल्याची दृश्यं टीव्हीवर दिसली आणि अमेरिकेने काढता पाय घेतला. सहाच महिन्यांनी रवांडात तुत्सी लोकांची कत्तल सुरू झाली. तिथे संयुक्त राष्ट्रांचं सैन्य आधीपासून होतं. दहा बेल्जियन सैनिक मारले गेल्यावर बेल्जियमने माघार घेतली आणि सुरक्षा परिषदेने उरलेलं सैन्य वाढवायच्या ऐवजी जेमतेम २७० वर आणायचं ठरवलं. शंभर दिवसांत सुमारे आठ लाख माणसं मारली गेली. आफ्रिकेतला देश, टोळ्यांची भांडणं, आपल्या पोरांचे जीव, एवढं साम्य सोमालियाशी जुळलं आणि बाकीचं कोणी तपासलंच नाही. १९९८ मध्ये अमेरिकेचे अध्यक्ष क्लिंटन यांनी रवांडाच्या राजधानीत, किगालीला जाऊन आम्ही पुरेसं केलं नाही, असं मान्य केलं.

मग लंबक उलटा फिरला. रवांडा आणि १९९५ ची स्रेब्रेनित्सा, जिथे सुमारे आठ हजार बोस्नियन मुस्लिम पुरुष आणि मुलगे मारले गेले, ही दोन नावं आता "जा" म्हणणाऱ्यांची झाली. १९९९ मध्ये कोसोव्हो प्रांतातल्या लोकांसाठी नाटो या पाश्चात्त्य देशांच्या लष्करी आघाडीने बेलग्रेडसह सर्बियावर ७८ दिवस बॉम्ब टाकले. २०११ मध्ये लिबियातलं बेनगाझी शहर वाचवायचं म्हणून पुन्हा हीच नावं आली. तिथल्या कारवाईला परवानगी देणाऱ्या ठरावावर सुरक्षा परिषदेत भारत तटस्थ राहिला होता. लिबियाचे हुकूमशहा गद्दाफी गेले आणि देश आपसातल्या लढायांत फाटला. त्याच्या आधी २००३ चं इराक होऊन गेलं होतं. ज्या महासंहारक शस्त्रांसाठी अमेरिकेने आणि ब्रिटनने युद्ध केलं ती शस्त्रं सापडलीच नव्हती. त्यामुळे ऑगस्ट २०१३ मध्ये दमास्कसजवळ लोकांवर विषारी वायू सोडला गेला तेव्हा ब्रिटनच्या संसदेत सीरियापेक्षा इराकवरच बोलणं जास्त झालं, आणि २८५ विरुद्ध २७२ मतांनी लष्करी कारवाईचा सरकारचा ठराव पडला. तिकडे अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री केरी, हा आपला म्युनिकचा क्षण आहे, असं सांगत होते. म्युनिकला मरण नाही.

युक्रेनमध्ये तर दोन्ही बाजू एकाच महायुद्धातून दारूगोळा काढतात. २४ फेब्रुवारी २०२२ ला पुतिन यांनी नाझींचा नायनाट करायचा म्हणून फौज घुसवली. सोव्हिएत संघाची त्या महायुद्धात २ कोटींहून जास्त माणसं गेली, ती आठवण रशियाच्या घराघरात आहे, म्हणून हे तिथे खपतं. त्याच भाषणात त्यांनी बेलग्रेड, इराक आणि लिबिया यांची यादीही वाचली: तुम्ही केलंत, मग आम्हाला काय शिकवता? युरोपात उत्तर आलं, म्युनिक विसरू नका. आणि आमच्याकडे सूर्यफुलाच्या तेलाचा डबा महागला, डीएपीची पोती दुर्मीळ झाली आणि एका पोत्यामागे नको असलेलं दुसरं खत गळ्यात मारायचं "लिंकिंग" जोरात चाललं. लांबची युद्धं किती लांब असतात, हे कृषी केंद्राच्या रांगेत कळतं.

आता पुन्हा फौजीकाकांच्या मुद्द्याकडे. भारताचा एकाहत्तरचा विजय खराच मोठा आहे. ३ ते १६ डिसेंबर, तेरा दिवस, ९३ हजार युद्धकैदी, एक नवा देश. पण "एकाहत्तरसारखं करा" म्हणणारे फक्त डिसेंबर सांगतात. त्याच्या आधीचे आठ महिने गाळतात. ढाक्यात कत्तल सुरू झाली मार्चमध्ये. सुमारे एक कोटी निर्वासित भारतात आले. तरी इंदिरा गांधी थांबल्या. पावसाळ्यात पूर्व बंगालच्या नद्यांतून रणगाडे जाणार नव्हते, आणि हिमालयाच्या खिंडी बर्फाने बंद झाल्याशिवाय चीनची धास्ती कमी होणार नव्हती. ऑगस्टमध्ये सोव्हिएत संघाशी करार झाला. इंदिराजी परदेशांत फिरून बाजू मांडत राहिल्या. तिथल्या लोकांची मुक्तिवाहिनी आपल्या आधीपासून लढत होती. आणि युद्ध संपल्यावर मार्च १९७२ मध्ये आपली फौज बाहेरही पडली. यातली एक गोष्ट काढून घेतली असती तर काय झालं असतं, हे सांगता येत नाही. पण तो निकाल या सगळ्यांचा मिळून आहे.

श्रीलंकेत सोळा वर्षांनी जवळपास प्रत्येक गोष्ट उलटी होती. २९ जुलै १९८७ ला कोलंबोत राजीव गांधी आणि लंकेचे अध्यक्ष जयवर्धने यांनी करार केला आणि लगेच भारताची शांतिसेना उतरू लागली. काम होतं तमिळ गटांची शस्त्रं जमा करून घ्यायचं. ऑक्टोबरपर्यंत त्यांच्यातल्याच लिट्टे या सशस्त्र गटाशी उघड लढाई जुंपली. ज्या तमिळांच्या रक्षणासाठी गेलो ते उलटले, आणि सिंहली लोकांना तर परकी फौज दारात नकोच होती. पुढचे अध्यक्ष प्रेमदासा यांनी भारताला निघून जायला सांगितलंच, वर लिट्टेला शस्त्रंही पुरवली. सुमारे १२०० जवान गमावून मार्च १९९० मध्ये शेवटची तुकडी परतली. मद्रासच्या बंदरावर तिच्या स्वागताला मुख्यमंत्री करुणानिधी गेले नाहीत. १९९१ मध्ये राजीव गांधींची हत्या झाली. पुढे २००० साली लिट्टेने जाफन्याच्या तोंडावरचा एलिफंट पास हा लष्करी तळ घेतला, जाफन्यात लंकेचे हजारो सैनिक कोंडीत सापडले, कोलंबोने मदत मागितली, तेव्हा वाजपेयी सरकारने सैन्य पाठवायला साफ नकार दिला. कारण कोणाला समजावून सांगावं लागलं नाही.

काकांना त्या काळाबद्दल खोदून विचारलं तर ते राजकारणावर येतच नाहीत. "नकाशे नव्हते नीट," एवढंच म्हणतात. "कोन आपला, कोन त्याइचा, काई समजे नाई. सकाई चहा देनारा संध्याकाई गोळी झाडे." टीव्हीवरच्या चर्चेत हे कधी ऐकू येत नाही.

कोणाची आठवण चालते, हाही भाग आहेच. अठराव्या शतकात नागपूरकर रघूजी भोसल्यांच्या फौजा दहाएक वर्षं बंगालवर जात होत्या. १७५१ च्या तहात त्यांनी वर्षाला बारा लाखांची चौथ ठरवून घेतली. इकडे ती पराक्रमाची गोष्ट. बंगालमध्ये त्याच फौजेची, बारगीर स्वारांची, भीती अंगाईगीतात उतरली आहे. कलकत्त्यात इंग्रजांनी त्या भीतीपोटी खंदक खणायला घेतला तो इतिहासात मराठा खंदक म्हणूनच राहिला. आणि गंमत अशी, की पूर्व बंगालमधून आलेल्या निर्वासितांची गावं आज आपल्याच विदर्भात, गडचिरोलीच्या मुलचेरा-चामोर्शी भागात आहेत. याच्या उलट, १९१६ मध्ये इराकमधल्या कूत इथे वेढ्यात अडकून शरण गेलेल्या, ब्रिटिशांच्या हिंदी फौजेतल्या पूना डिव्हिजनमध्ये मराठा पलटणी होत्या. २००३ मध्ये अमेरिकेने इराकसाठी भारताकडे सैन्य मागितलं, आणि संयुक्त राष्ट्रांचा स्पष्ट ठराव नाही म्हणून जुलैमध्ये सरकारने नकार दिला. त्या दिवसांतल्या गप्पांत कूतचं नाव मी तरी एकदाही ऐकलं नाही. जे युद्ध कोणाच्या कामाचं नाही, ते वादात येत नाही.

जुनी युद्धं वापरूच नयेत असं मात्र मी म्हणणार नाही. अनुभव सोडून दुसरं आहे काय आपल्याकडे? वापरायची चांगली रीत पाहायची तर आपल्याच वर्ध्याला जावं लागेल. ३ सप्टेंबर १९३९ ला व्हाइसरॉय लिनलिथगो यांनी भारत युद्धात उतरल्याचं जाहीर केलं, इथल्या एकाही निवडून आलेल्या माणसाला न विचारता. काँग्रेस कार्यकारिणी वर्ध्यात बसली आणि १४ सप्टेंबरला तिने लांबलचक निवेदन काढलं. ते आजही वाचण्याजोगं आहे. त्यात नाझी आक्रमणाचा निषेध आहे. आणि मग जुनी युद्धं येतात, एक नाही, चार-पाच. १९१४-१८ मध्ये तुम्ही लोकशाही आणि छोट्या राष्ट्रांच्या स्वातंत्र्यासाठी लढतो म्हणालात आणि आतून तुर्की साम्राज्य वाटून घ्यायचे गुप्त करार केलेत. मांचुरियात, अबिसिनियात (आजच्या इथिओपियात), स्पेनमध्ये, चेकोस्लोव्हाकियात लोकशाही संकटात होती तेव्हा तुम्ही काय केलंत? तेव्हा आता युद्धाचा हेतू काय, तो भारताला लागू आहे का, ते साफ सांगा.

पहिल्या महायुद्धाची आठवण वर्ध्यात बसलेल्यांना फार कडवट होती. दहा लाखांहून जास्त भारतीय तेव्हा समुद्रापार गेले, ६० हजारांहून जास्त मेले, आणि बदल्यात १९१९ मध्ये रौलट कायदा आणि जालियनवाला बाग मिळाली. खुद्द गांधीजींनी १९१८ मध्ये गुजरातच्या खेडा जिल्ह्यात सैन्यभरतीसाठी पायपीट केली होती. पण निवेदन त्या एका जखमेवर थांबलं नाही. "जा" म्हणणाऱ्यांच्या बाजूचं म्युनिकही त्यात आहे, "जाऊ नका" म्हणणाऱ्यांच्या बाजूचे गुप्त करारही. आणि शेवटी भूतकाळातून हुकूम काढायच्या ऐवजी प्रश्न काढला, ज्याचं उत्तर समोरच्याला द्यावं लागेल. व्हाइसरॉयचं उत्तर आलं ते गुळमुळीत. त्यानंतर मध्य प्रांत-वऱ्हाडासह ठिकठिकाणच्या काँग्रेस मंत्रिमंडळांनी राजीनामे दिले, आणि वर्षभराने, १७ ऑक्टोबर १९४० ला, पवनारमध्ये विनोबांनी युद्धाविरुद्ध भाषण करून वैयक्तिक सत्याग्रह सुरू केला.

ज्या देशांनी धडा मनावर घेतला त्यांनी तो कायद्यात घातला. व्हिएतनामनंतर, १९७३ मध्ये, अमेरिकी काँग्रेसने नियम केला की अध्यक्षाने सैन्य लढाईत उतरवलं तर ४८ तासांत कळवायचं आणि मंजुरी नसेल तर ६० दिवसांत आवरतं घ्यायचं. अध्यक्ष त्यातून पळवाटा काढतात, ते वेगळं. जर्मनीत १९९४ पासून सैन्य बाहेर लढायला पाठवायला संसदेची संमती लागते. भारतात परदेशात फौज पाठवायचा निर्णय मंत्रिमंडळाचा. त्याआधी संसदेला विचारलंच पाहिजे असा कायदा १९३९ मध्ये नव्हता, १९८७ मध्ये नव्हता, आणि आजही नाही.